विश्लेषण : गोळी न झाडण्याचे प्रशिक्षण! शांतिसेनेत जाणारा भारतीय जवान घडतो कसा?

फलटण, माण, खटाव, कोरेगाव. या पट्ट्यात पहाटे पाच वाजता कुठल्याही रस्त्यावर उभे राहा, भरतीची तयारी करणारी पोरे धावताना दिसतील. १.६ किलोमीटरचे टायमिंग, पुल-अप्स, छाती, वजन, सगळे त्यांना तोंडपाठ असते. सातारा तालुक्यातील एका गावाच्या नावातच 'मिलिटरी' आहे. त्या अपशिंगे मिलिटरीतील ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. देशातील पहिली सैनिक शाळा २३ जून १९६१ रोजी सुरू झाली, तीही साताऱ्यातच. लष्कराविषयी या जिल्ह्याला वेगळे काही सांगावे लागत नाही.

तरीही एका गोष्टीबद्दल इथे फारसे बोलले जात नाही. याच लष्कराच्या काही तुकड्या दरवर्षी काँगो, दक्षिण सुदान, लेबनॉन, गोलन टेकड्या अशा ठिकाणी संयुक्त राष्ट्रांचे निळे हेल्मेट घालून जातात. पारावरची चर्चा 'तिकडे भत्ता किती मिळतो' इथेच संपते. तिकडे जाण्यापूर्वी त्या जवानाला काय शिकवले जाते आणि ते पुरेसे आहे का, हा प्रश्न मागे राहतो. सध्या तो महत्त्वाचा आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये शांतिसेनेला सैन्य पुरवणाऱ्या देशांच्या लष्करप्रमुखांची परिषद दिल्लीत भरली. त्याच महिन्यात निधीच्या टंचाईमुळे नऊ मोहिमांमधील सुमारे एक चतुर्थांश मनुष्यबळ कमी करण्याचे संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केले. माणसे कमी झाली तरी नकाशा तेवढाच राहतो. प्रत्येक जवानावरचा भार वाढणार, हे उघड आहे.

सीमेवरचा जवान आणि शांतिसैनिक यांत फरक काय?

सीमेवर शत्रू ठरलेला असतो. काश्मीर किंवा ईशान्येत घुसखोर, दहशतवादी ठरलेला असतो आणि विशेष अधिकारांचा कायदा जवानाच्या पाठीशी असतो. शांतिसेनेत शत्रू नावाची गोष्टच कागदावर नसते. तीन तत्त्वे असतात : संबंधित पक्षांची संमती, निःपक्षपातीपणा, आणि स्वसंरक्षण किंवा सोपवलेल्या कामाचे रक्षण यापलीकडे बळाचा वापर न करणे.

यातील निःपक्षपातीपणा समजायला सर्वात अवघड. सांगली-साताऱ्याच्या वाचकांसाठी सोपे उदाहरण आखाड्यातील पंचाचे. पंच कुस्ती खेळत नाही, कोणाच्या बाजूने नसतो. पण एखाद्या पैलवानाने चुकीची पकड घातली तर तो गप्पही बसत नाही, शिट्टी मारतो, कुस्ती सोडवतो. शांतिसैनिकाकडून हीच अपेक्षा असते. फरक एवढाच, की इथे पैलवानांच्या हातात मशीनगन असते आणि बऱ्याचदा पंचाला आखाड्यात कोणी बोलावलेलेच नसते.

पूर्वी काम मुख्यतः युद्धविराम रेषेवर नजर ठेवण्याचे होते. १९९४ मध्ये रवांडात आणि १९९५ मध्ये स्रेब्रेनिकात शांतिसेना हजर असताना कत्तली झाल्या. त्यानंतर 'नागरिकांचे संरक्षण' हे काम मोहिमांच्या आदेशपत्रात स्पष्ट लिहिले जाऊ लागले. म्हणजे आता दोन्ही बाजूंनी अडचण आहे. गोळी झाडली तर का झाडली, आणि नाही झाडली तर का नाही, याचे उत्तर द्यावे लागते. हा निर्णय दिल्लीतील किंवा न्यूयॉर्कमधील कोणी घेत नाही. काँगोतील एखाद्या चौकीवर रात्री दोन वाजता तो एखादा नायक किंवा हवालदार घेतो. माझ्या मते साऱ्या प्रशिक्षणाचा कस इथे लागतो.

वडगावचे थोरात आणि कोरियातील कैदी

या विषयाचा सर्वात जुना आणि सर्वात चांगला धडा आपल्या शेजारच्याच जिल्ह्यातील माणसाने घालून दिला आहे. शंकरराव पांडुरंग पाटील थोरात, म्हणजे पुढे लेफ्टनंट जनरल झालेले एस. पी. पी. थोरात, कोल्हापूर जिल्ह्यातील वडगावचे. २७ जुलै १९५३ रोजी कोरियात युद्धविराम झाला, तेव्हा मायदेशी परत जायला नकार देणारे सुमारे २३ हजार युद्धकैदी शिल्लक होते, बहुतेक चिनी आणि उत्तर कोरियन. त्यांचे करायचे काय, हे ठरेपर्यंत त्यांना सांभाळण्याचे काम भारताकडे आले. तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या होते आणि प्रत्यक्ष कैदी सांभाळणाऱ्या 'कस्टोडियन फोर्स इंडिया'चे प्रमुख मेजर जनरल थोरात.

ही संयुक्त राष्ट्रांची निळ्या हेल्मेटची मोहीम नव्हती, तांत्रिकदृष्ट्या ती युद्धविराम करारातून आलेली जबाबदारी होती. पण कामाचा स्वभाव तोच. भारतीय जवानांनी आपल्या भूमीवर पायही ठेवू नये, अशी दक्षिण कोरियाच्या अध्यक्षांची भूमिका होती. त्यामुळे हजारो जवानांना बंदरातून हेलिकॉप्टरने निर्लष्करी पट्ट्यात न्यावे लागले. छावण्यांमध्ये कैद्यांचे आपापले गट होते, दहशत होती आणि दोन्ही बाजूंचे देश 'भारत पक्षपात करतोय' म्हणून ओरडत होते.

सप्टेंबर १९५३ मध्ये कैद्यांनी एका भारतीय मेजरला छावणीत ओलीस धरले. बाहेर सशस्त्र जवान तयार होते. थोरात स्वतः कुंपणाच्या आत गेले, कैद्यांशी बोलले आणि त्या अधिकाऱ्याला घेऊन बाहेर आले. तिथे गोळीबार झाला असता तर काय झाले असते, याचा अंदाज कोणीही करावा. पुढे काही प्रसंगी भारतीय जवानांना गोळी चालवावीही लागली. हा सगळा काळ गोडीगुलाबीने गेला, असे कोणी समजू नये. १९५४ च्या सुरुवातीला काम आटोपले आणि फौज परतली.

तेव्हा असे कोणतेही प्रशिक्षण केंद्र नव्हते. थोरातांनी जे केले ते अनुभव आणि स्वभाव यांच्या बळावर. प्रत्येक तुकडीला थोरात मिळत नाहीत, म्हणून प्रशिक्षण लागते.

मराठी मातीशी आणखी एक धागा आहे. मराठा लाइट इन्फंट्रीत कारकीर्द सुरू केलेले लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार मार्च १९९२ मध्ये युगोस्लाव्हियातील शांतिसेनेचे पहिले कमांडर झाले. देश डोळ्यांसमोर फुटत होता. वर्षभराने त्यांनी मुदतवाढ नाकारली.

प्रशिक्षण होते कुठे?

नियम असा, की रवाना होण्यापूर्वीचे प्रशिक्षण ही त्या त्या देशाची जबाबदारी. संयुक्त राष्ट्रे अभ्यासक्रमाचे साहित्य देतात : मोहिमेचा आदेश, मानवाधिकार, बळाच्या वापराचे नियम, वर्तणूक. देश ते आपापल्या पद्धतीने शिकवतात. मोहिमेच्या ठिकाणी पोहोचल्यावर पुन्हा एक ओळख-सत्र होते.

भारतात यासाठी दिल्लीत 'सेंटर फॉर यूएन पीसकीपिंग' आहे. ते २००० मध्ये युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशनच्या छत्राखाली सुरू झाले आणि नंतर लष्कराकडे गेले. निःशस्त्र लष्करी निरीक्षक, स्टाफ ऑफिसर, महिला अधिकारी यांचे वेगवेगळे वर्ग तिथे चालतात, परदेशी अधिकारीही येतात. बटालियन म्हणून जाणाऱ्या तुकड्यांची तयारी मात्र जास्त सरावाच्या अंगाने होते : अन्नाच्या ट्रकचा ताफा नेणे, चौकीवर आलेला जमाव शांत करणे, गस्तीत गावकऱ्यांशी बोलणे.

सातारकरांना जवळचे ठिकाण म्हणजे औंध. घोटाळा नको, श्रीभवानी संग्रहालयाचे खटाव तालुक्यातील औंध नव्हे, पुण्याचे औंध. तिथल्या लष्करी तळावर मार्च २०१६ मध्ये आसियान आणि मित्रदेशांचा 'फोर्स १८' हा शांतिरक्षण आणि सुरुंगनाशाचा सराव झाला. त्यात भारतीय पथकाचे नेतृत्व लेफ्टनंट कर्नल सोफिया कुरेशी यांनी केले होते. हो, त्याच, ज्या मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या पत्रकार परिषदांमुळे घराघरात पोहोचल्या. त्याआधी २००६ मध्ये त्या काँगोत लष्करी निरीक्षक होत्या. मार्च २०१९ आणि मार्च २०२३ मध्ये आफ्रिकी देशांच्या सैनिकांबरोबरचे सरावही पुण्यातच झाले.

मग कमी कुठे पडते?

सर्वात आधी भाषा. पूर्व काँगोत फ्रेंच आणि स्वाहिली चालते. आपला जवान हिंदी, मराठी आणि थोडी इंग्रजी घेऊन जातो. दुभाषे मिळतात, पण गस्तीवर प्रत्येकाबरोबर दुभाषा नसतो. जमाव 'पाणी' मागतोय की 'परत जा' म्हणतोय, हे कळायला काही आठवडे आधी घोकलेली दहा वाक्ये पुरत नाहीत. पुण्या-मुंबईत आयटीवाल्या पोरांना जर्मन, फ्रेंच शिकवणारे क्लास गल्लोगल्ली आहेत. लष्कराला हे जमणार नाही असे नाही. त्याला वेळ द्यायला हवा.

दुसरे, अफवा. जुलै २०२२ मध्ये पूर्व काँगोत शांतिसेनेविरोधात उग्र निदर्शने झाली आणि बुटेम्बो येथे सीमा सुरक्षा दलाचे दोन जवान मारले गेले. 'शांतिसेना काहीच करत नाही' हा लोकांचा राग खरा होता, त्यात मोबाइलवरून पसरणाऱ्या खोट्यानाट्याची भर पडत होती. मी अभियांत्रिकी शिकून पत्रकारितेत आलो, त्यामुळे मला हा भाग जास्त खुपतो. ड्रोन, सेन्सर, नकाशे यांच्यावर पैसा लागतो. ऑगस्ट २०२१ मध्ये भारताने 'युनाइट अवेअर' या प्रणालीसाठी १६ लाख डॉलरहून अधिक रक्कम दिलीही. पण गावातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आज काय फिरतेय, हे कोणत्याही ड्रोनला दिसत नाही. ते गावात बसून बोलणाऱ्यालाच कळते.

म्हणूनच महिला पथकांचा मुद्दा शोभेचा नाही. २००७ मध्ये लायबेरियात भारताने केवळ महिलांची पोलीस तुकडी पाठवली, जगातील पहिली. मेजर सुमन गवानी यांना २०१९ चा आणि मेजर राधिका सेन यांना २०२३ चा संयुक्त राष्ट्रांचा लष्करी पुरस्कार मिळाला. राधिका सेन यांच्या पथकाचे मुख्य काम काँगोतील बायकांशी बोलणे हेच होते. जी बाई पुरुष जवानासमोर तोंड उघडणार नाही, ती यांच्याशी बोलते आणि त्यातून हल्ल्याची खबर आधी मिळते.

तिसरा मुद्दा कडू आहे, म्हणून टाळू नये. काँगोत गेलेल्या एका भारतीय बटालियनवर लैंगिक गैरवर्तनाचे आरोप झाले होते आणि लष्कराला कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसवावी लागली. संयुक्त राष्ट्रांचा नियम २००३ पासून स्पष्ट आहे : अठराखालील व्यक्तीशी संबंध नाही, पैसे वा अन्न देऊन संबंध नाही. पण शिक्षा देण्याचा अधिकार जवानाच्या देशाकडेच असतो. अशा वेळी चौकशीचे निष्कर्ष लोकांसमोर मांडण्याची सवय आपल्याकडे नाही. ती लागली तर वर्गात शिकवलेल्या नियमाला वजन येईल. सुमारे १८० भारतीयांनी शांतिसेनेत प्राण दिले आहेत, कोणत्याही देशापेक्षा जास्त. एप्रिल २०१३ मध्ये दक्षिण सुदानमध्ये ताफ्याचे रक्षण करताना एकाच दिवशी पाच जवान गेले. त्यांच्या नावाला चार-दोघांमुळे बट्टा लागू देणे हा खरा अन्याय आहे.

आणि भत्त्याचे काय?

प्रश्न आलाच, तर उत्तर द्यावे लागेल. संयुक्त राष्ट्रे प्रत्येक जवानामागे महिन्याला १,४०० डॉलरहून थोडी अधिक रक्कम सरकारला देतात, जवानाला नाही. जवानाला किती द्यायचे ते सरकार ठरवते. ही रक्कमही वेळेवर येत नाही, सैन्य पुरवणाऱ्या देशांची थकबाकी हा जुना वाद आहे.

शेवटी, भरतीची तयारी करणाऱ्यांसाठी. शांतिसेनेत जवान म्हणून थेट अर्ज करता येत नाही. आधी लष्करात किंवा पोलीस दलात असावे लागते. तुकडी सरकार पाठवते, निरीक्षक व स्टाफ अधिकाऱ्यांची नावेही सरकारच देते. संयुक्त राष्ट्रे नोकरभरतीच्या कोणत्याही टप्प्यावर फी घेत नाहीत. 'यूएनमध्ये लावून देतो, पन्नास हजार भरा' असा मेसेज फलटणच्या एखाद्या अकॅडमीच्या ग्रुपवर आला, तर पैसे भरू नका, मेसेज पुढे पाठवू नका आणि सायबर हेल्पलाइन १९३० वर फोन करा.