वांगं कोणाचं, बी कोणाचं?

मैत्रिणींनो, मंडईत वांगी घेताना आपण काय पाहतो? देठ हिरवा आहे ना, काटे ताजे आहेत ना, आणि मुख्य म्हणजे कुठे भोक नाही ना! भरल्या वांग्याला चीर द्यावी आणि आतून अळी डोकवावी, असं ज्या घरात कधी झालं नाही ते घर विरळाच. ही शेंडे आणि फळं पोखरणारी अळी. तिच्यासाठी शेतकरी फवाऱ्यावर फवारे मारतो, आणि त्यातला अंश आपल्या पातेल्यापर्यंत येऊ शकतो.

यावर शास्त्रज्ञांनी उपाय काढला तो बीटी वांग्याचा. नाव अवघड, पण गोष्ट सोपी. मातीत बॅसिलस थुरिंजिएन्सिस नावाचा एक जिवाणू असतो. त्याचा एक जनुक वांग्यात घातला, की झाड स्वतःच एक प्रथिन तयार करतं. ते पोटात गेलं की अळीचं आतडं निकामी होतं. माणसाच्या पोटाची घडण निराळी, म्हणून आपल्याला ते बाधत नाही, असं हे वाण काढणारे सांगतात. संकरित बियाणं वेगळं बरं का! तिथे वांग्याचाच वांग्याशी संकर. इथे जिवाणूचा गुण झाडात येतो.

ऑक्टोबर २००९ मध्ये केंद्र सरकारच्या समितीने या वांग्याला मंजुरी दिली. पण तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत लोकांची मतं ऐकून घेतली, त्यांत आपलं नागपूरही होतं. आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी ही लागवड स्थगित केली. शेजारच्या बांगलादेशाने मात्र २०१३ मध्ये परवानगी दिली.

"चला, म्हणजे आपलं ताट सुटलं!" असं म्हणून निःश्वास टाकू नका. बीटी कापूस आपल्याकडे २००२ पासून पिकतो. त्याच कापसाच्या सरकीचं तेल खाण्यात येतं आणि पेंड गाईम्हशींच्या पुढ्यात जाते. शुद्ध केलेल्या तेलात ते प्रथिन जवळजवळ उरत नाही, हे खरं. पण तुम्हाआम्हाला कुणी विचारलं होतं का? स्वयंपाकघर आपलं, आणि निर्णय परस्पर! मला खटकतं ते हे.

माझ्या थोरल्या जाऊबाईंचं माहेर यवतमाळकडचं. त्या म्हणतात, "पहिली काही वर्षं बरी गेली गं. बोंडअळीचे फवारे कमी झाले, हातात दोन पैसे राहिले." मग शेंदरी बोंडअळीला त्या प्रथिनाची सवय झाली. २०१७ मध्ये विदर्भात बोंडंच्या बोंडं पोखरली गेली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले. अळीला सवय होऊ नये म्हणून ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅम साधं बियाणं कडेला पेरायला दिलेलं असे. पुष्कळांनी ते पेरलंच नाही. दोन एकरवाल्याला एकेक ओळ मोलाची. त्याला दोष तरी किती द्यायचा?

दुसरी गोष्ट बियाण्याची. आपल्याकडचा बीटी कापूस बहुतेक संकरित. घरचं बी ठेवून पेरलं तर तसं पीक येत नाही, म्हणजे दरवर्षी दुकानाची पायरी चढणं आलं. २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला बी राखण्याचा, देण्याघेण्याचा हक्क दिला आहे. पण राखण्याजोगं बीच नसेल तर त्या हक्काचं करायचं काय? म्हणून मला अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांचं कौतुक वाटतं. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंनी गावरान वाणांची बँक उभी केली आणि त्यांना पद्मश्री मिळाली.

याचा अर्थ नवं ते सगळं वाईट, असं मी म्हणणार नाही. फवारा वाचत असेल तर कापूस वेचणाऱ्या बायकांच्या हातांनाही ते हवंच आहे. पण मुलाला औषध देण्याआधी आपण डॉक्टरांना चार प्रश्न विचारतोच ना? तसेच इथेही विचारावेत. तपासणी कोणी केली, विकणाऱ्याने की तिऱ्हाइताने? फायदा कोणाचा, आणि फसलं तर भुर्दंड कोणावर? शेजारच्या शेतात परागकण गेले तर त्याच्या गावरान वाणाचं काय? आणि मला नको असेल, तर ते ओळखायची सोय आहे का?

तोवर एक काम आपल्या हातातलं. गावाकडून वालपापडी, दोडका, काटेरी वांगं यांचं बी आलं, तर जून झालेल्या फळातलं बी सावलीत वाळवा, राखेत घोळवा आणि कोरड्या बरणीत झाकून ठेवा. बरणीवर नाव आणि साल लिहा. पुढच्या पावसात शेजारणीला चिमूटभर द्या. बी दिल्याने वाढतं, हे आपल्या आज्यांना कुठल्याही समितीशिवाय ठाऊक होतं.