वय झालं म्हणून सोडून देऊ नका

‘पहाटे तीनला जाग आली, मग डोळाच लागला नाही.’ ज्येष्ठांची ही तक्रार ‘वयाचा भाग’ म्हणून सोडून दिली जाते. हा अंक झोपेला वाहिला आहे, तो त्यासाठीच.

वयानुसार गाढ झोप कमी होते, झोप लवकर येते आणि लवकर उडते, हे खरे. पण पासष्टीनंतरही ७ ते ८ तासांची झोप लागतेच. ती मोडण्यामागे अनेकदा उपचार होऊ शकणारी कारणे असतात: रात्री वारंवार लघवीला उठणे, सांधेदुखी, घोरताना श्वास अडकणे, नैराश्य, किंवा लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी संध्याकाळी घेणे.

झोपेची गोळी मनाने सुरू करू नका. तिने तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो. सकाळी उन्हात चाला, दुपारची डुलकी अर्ध्या तासात आटपा, उठण्याची वेळ रोज एकच ठेवा. जुनाट निद्रानाशावर सवयी आणि विचार बदलणारी ‘सीबीटी-आय’ ही उपचारपद्धती गोळीच्या आधी विचारात घ्यावी.

मुलासुनांना, लेकीजावयांना एकच विनंती: आई-बाबांच्या साखरेची, रक्तदाबाची चौकशी करता, तशी झोपेचीही करा आणि पुढच्या तपासणीत डॉक्टरांपुढे हा विषय आवर्जून काढा.