पाणबुडी हुडकणारी नौका आणि आपला प्रश्न

सातारा-सांगलीकडं फौज म्हटलं की खाकी-हिरवी वर्दीच डोळ्यापुढं येते. साताऱ्याजवळचं अपशिंगे तर ‘मिलिटरी’ म्हणूनच ओळखलं जातं. पण आपली पोरं नेव्हीतही आहेत. ती कुठल्या जहाजावर आहेत, ते जहाज किती जुनं, हे आपण कधी विचारत नाही.

१८ जून २०२५ ला विशाखापट्टणमला ‘आयएनएस अर्नाळा’ नौदलात दाखल झाली. नाव वसईजवळच्या किल्ल्याचं, म्हणून आपल्याकडं स्टेटस पडले. बरं वाटलं. पण मुद्दा नावाचा नाही.

किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात पाणबुडी हुडकणं लई अवघड. सोनारचा आवाज तळावर आपटून परत येतो, वर मच्छीमार बोटींच्या इंजिनांचा गोंगाट, आणि मोठ्या युद्धनौकेला तिथं फिरता येत नाही. म्हणून ही सुमारे ७७ मीटरची, वॉटरजेटवर चालणारी नौका. अशा १६ हव्यात; ८ कोलकात्याच्या गार्डन रीचकडं, ८ कोचीन शिपयार्डकडं. करार एप्रिल २०१९ चा. पहिली नौका २०२२ मध्ये मिळायची होती, हातात आली मे २०२५ ला. मध्ये कोविड होता, मान्य. तरी अडीच वर्षं?

उशिरानं काय बिघडतं म्हणणाऱ्यांनी ९ डिसेंबर १९७१ आठवावा. दीवजवळ पाणबुडीच्या शोधात गेलेली ‘खुकरी’ पाकिस्तानच्या ‘हँगोर’ पाणबुडीनंच बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले.

पोरगं भरती झालं की आपण चौकात फ्लेक्स लावतो. उरलेल्या नौका कधी येणार, हे आता खासदारांना विचारा. साताऱ्याच्याही आणि सांगलीच्याही.