आजार गेला, वजन कुठे गेलं?



मागच्या थंडीत हे न्यूमोनियाने बारा दिवस दवाखान्यात होते. घरी आले तेव्हा मी ओवाळलं, नातेवाइकांचे फोन घेतले आणि संकट टळलं असं समजून मोकळी झाले. तीन आठवड्यांनी ह्यांचं घड्याळ मनगटावरून कोपराकडे घसरताना दिसलं. कवळी सैल होऊन जेवताना वाजायला लागली होती. काट्यावर उभं केलं तर ५६.५ किलो. दिवाळीआधी ६४ होते, घरी आले त्या दिवशी ५९.

म्हणजे शेवटचे अडीच किलो दवाखान्यात नाही, माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या डोळ्यांदेखत गेले. हे मला अजून बोचतं.

सगळे म्हणत होते, "आजारपणात माणूस उतरतोच, येईल भरून." आत्याबाई तर म्हणाल्या, "आपोआप तप घडलं गं त्याचं." आत्याबाई मोठ्या आहेत, मी तेव्हा बोलले नाही. आज लिहिते.

बी.कॉम. झाले आहे, तेव्हा आधी हिशेबच मांडला. आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं होतं, आजारातून उठणाऱ्या वयस्कर माणसाला वजनाच्या दर किलोमागे साधारण १.२ ग्रॅम तरी प्रथिनं हवीत. (मूत्रपिंडाचं दुखणं असेल तर डॉक्टरांना विचारूनच.) ह्यांना झाले सत्तरच्या आसपास. आणि मी काय देत होते? दोन वेळा वाटीभर पातळ खिचडी, त्यात फार तर ११ ग्रॅम. दोन कप दूध, १० ग्रॅम. चहा-बिस्कीट, थोडा उपमा, सफरचंद. सगळं मिळून तीसच्या आत. पचायला हलकं म्हणून जे प्रेमाने करत होते, ते अर्ध्या पोटाचं होतं. अंथरुणात पडून आधीच मांड्यांचे स्नायू झडलेले, वर शरीराने खायचं ते उरलेल्या स्नायूंतूनच काढलं.

डिस्चार्जच्या कागदावर नऊ गोळ्या वेळेसकट लिहिलेल्या होत्या. जेवणापुढे दोन शब्द: "मऊ आहार". वजनाची जागा कोरी. माझं म्हणणं आहे की त्या कोऱ्या जागेत आकडा लिहून घेतल्याशिवाय आपण दवाखान्यातून निघूच नये. सुरुवातीची शिल्लकच माहीत नसेल तर घट कशी कळणार?

आता आपला अवघड प्रश्न. ह्यांचा रात्रिभोजनाचा त्याग चाळीस वर्षांचा. थंडीत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे साडेपाचनंतर सकाळपर्यंत तोंडात काही नाही. मुलगा म्हणाला, "बाबा, दोन महिने नियम सोडा." हे मानेनात. मी कोणाचीच बाजू घेतली नाही. दिवसच भरून काढायचं ठरवलं. उजाडल्यावर दुधात नाचणीचं सत्त्व आणि बदामाची पूड. दहाला मुगाचं धिरडं, वर सढळ तूप. दुपारी पोळी, घट्ट वरण, पनीरची भाजी. तीनला राजगिऱ्याचा लाडू. सव्वापाचला दहीभात. (दही डाळीबरोबर नाही, द्विदल होतं, म्हणून ते संध्याकाळला ठेवलं.) कांदा, बटाटा, अंडं काही लागलं नाही. तोंडाला चव नव्हती तेव्हा आमसूल उपयोगी पडलं. आणि जेवणानंतर थोड्या वेळाने खुर्चीतून दहा वेळा उठ-बस, कारण नुसतं खाऊन स्नायू भरत नाही.

ज्यांना दिवसात एवढं जमणारच नाही, त्यांनी काय करायचं? माझ्या मते नियम तेवढ्यापुरता शिथिल करावा, आणि घरच्यांनी त्यांना अपराधी वाटू देऊ नये. सोळाकारण भावनांत आपण "शक्तितस्त्याग" आणि "शक्तितस्तप" म्हणतो, ते काय उगीच? त्यात शक्तीप्रमाणे हा शब्द पहिला आहे.

आणि आत्याबाईंचं तप. आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली कुंथलगिरीवर सल्लेखना घेतली, ती दृष्टी जात चालल्यावर, पूर्ण जाणिवेने, स्वतः ठरवून. रत्नकरंड श्रावकाचारातही सल्लेखना सांगितली आहे ती ज्या संकटावर, म्हातारपणावर, रोगावर इलाज उरला नाही त्याच्यासाठी. ह्यांच्या दुखण्यावर इलाज होता, तो वाटीत होता आणि मी कमी वाढत होते. भूक मेली म्हणून पान टाकून उठणं हे तप नाही. तो आजाराचाच उरलेला भाग आहे.

खरं तर उपाशी शरीराला कसं उठवायचं हे आपल्याइतकं कोणाला माहीत आहे? आठ-दहा उपवासांच्या पारण्याला आपण कोणाला पुरणपोळी वाढत नाही, आधी मुगाचं पाणी, मग कढण. डॉक्टरही तेच सांगतात, बरेच दिवस पोट रिकामं राहिलेल्या माणसाला एकदम भरपूर खाऊ घातलं तर रक्तातले क्षार घसरून जिवाला धोका होतो. फक्त आपण मुगाच्या पाण्यावरून तीन दिवसांत पुढे सरकतो, आणि आजाऱ्याला महिनाभर तिथेच ठेवतो.

एक गोष्ट मात्र उलटी. काट्यावरचा प्रत्येक वाढलेला किलो चांगलाच असतो असं नाही. हृदयाचं दुखणं असलेल्याचं वजन दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, पाय सुजले, तर ते अंगावर धरणं नव्हे, पाणी साठणं आहे. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. माझ्या मावशीच्या वेळी आम्ही "तब्येत सुधारली" म्हणून खूश झालो होतो.

आता आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दर सोमवारच्या चौकोनात एक आकडा असतो. सकाळी, काही खाण्याआधी, तोच काटा. साडेतीन महिन्यांत ५६.५ चे ६१ झाले. कवळी मात्र नवीन करावी लागली.