दुकानातली खुर्ची

मागच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी एका मॉलमधल्या कपड्यांच्या दुकानात पाच आठवडे नोकरी केली. अनुभव वगैरे काही नाही, लॅपटॉपला पैसे कमी पडत होते म्हणून केली. पहिल्याच दिवशी आम्हाला दोन गोष्टी शिकवल्या. एक म्हणजे शर्टची घडी कशी घालायची, आणि दुसरी म्हणजे फ्लोअरवर बसायचं नाही. घडी जमायला मला दोन दिवस लागले. न बसणं मात्र पाच आठवड्यांत जमलं नाही!

ड्युटी सकाळी अकरा ते रात्री साडेआठ, मध्ये अर्धा तास जेवणाची सुट्टी. जेवायला मागे स्टोअररूममध्ये जायचं आणि खोक्यांवर बसायचं. ट्रायल रूमच्या बाहेर एक मऊ मखमली सोफा होता, पण तो गिऱ्हाइकांसाठी. बायको आत ड्रेस घालून बघत असताना नवरे त्यावर बसून मोबाईल बघत. दुपारी दीड ते चार दुकानात चिटपाखरू नसायचं. सोफा रिकामा, आणि आम्ही सहा जण त्याच्याभोवती उभे!

आमच्या सेक्शनला एक ताई होत्या. पाच वर्षं झाली होती त्यांना तिथे. त्या दुपारी हमखास सगळ्यात खालच्या रॅकमधल्या चांगल्या घातलेल्या घड्या मोडायच्या आणि पुन्हा एकेक घालत बसायच्या. मला आधी वाटलं, काय ही शिस्त! चौथ्या दिवशी डोक्यात प्रकाश पडला. खालच्या रॅकचं काम उकिडवं बसूनच करावं लागतं, आणि कॅमेऱ्यात ते काम दिसतं. ताईंची पावलं संध्याकाळी सुजायची, म्हणून त्या एक नंबर मोठ्या चपला घालून यायच्या. सकाळी त्या चपला सैल व्हायच्या, मग पुढे रुमाल कोंबायचा.

तेव्हापासून मला खोडच लागली आहे. कुठल्याही दुकानात शिरले की मी आधी विकणारा कुठे बसतो ते बघते. मित्रांनो, तुम्हीही एकदा बघाच. आजकाल दुकान 'डिझाईन' करणं हे मोठं शास्त्र झालंय. उजेड किती, सुगंध कोणता, गाणं कुठलं, दूध सगळ्यात मागे का, चॉकलेट बिलाच्या रांगेपाशी का, सगळं ठरवून केलेलं असतं. पॅको अंडरहिल नावाच्या अमेरिकन माणसाने लोक दुकानात कसे वागतात याचं वर्षानुवर्षं निरीक्षण केलं आणि १९९९ मध्ये 'व्हाय वुई बाय' हे पुस्तक लिहिलं. बरोबर आलेल्या माणसाला बसायला खुर्ची दिली की खरेदी करणारा निवांत वेळ घेतो, हे त्यात आहे. म्हणजे खुर्चीची किंमत या शास्त्राला ठाऊक नाही असं कुणी म्हणू नये. आमच्या दुकानातला मखमली सोफा असा अभ्यास करूनच आला होता.

आपल्याकडची जुनी दुकानं आठवा. पुण्यात लक्ष्मी रोडला साड्यांच्या दुकानात पांढरीशुभ्र गादी असायची, काही ठिकाणी अजूनही आहे. गिऱ्हाईक या बाजूला, विकणारा त्या बाजूला, दोघेही बसलेले, आणि मधे साड्यांचा ढीग. माझी आजी अशा दुकानात तीन तास बसून एक साडी घेते आणि वर चहाही पिते. (माळ्यावरून गठ्ठे खाली देणारा पोऱ्या तेव्हाही उभाच असायचा, हे खरं. जुनं ते सगळं सोनं असं माझं म्हणणं नाही.)

त्याहून भारी उदाहरण म्हणजे महात्मा फुले मंडई. ही इमारत १८८६ मधली, तेव्हा तिचं नाव रे मार्केट होतं. तिथे भाजीवाल्या मावशी उंच ओट्यावर मांडी घालून बसतात आणि त्यांच्यापुढे भाजी उतरती रचलेली असते. गिऱ्हाईक खाली उभं असतं, पण मावशींची नजर त्याच्या नजरेला नजर देते, किंबहुना जरा वरूनच बघते! विकणारा बसलेला असूनही कमीपणाचा दिसत नाही आणि आळशीही दिसत नाही. सगळी करामत ओट्याच्या उंचीची आहे. हे मी एर्गोनॉमिक्सच्या तासाला शिकले नाही, कोथिंबीर घेताना शिकले.

मग विकणारा उभा कधी राहिला? माझ्या मते त्याची सुरुवात १९१६ मध्ये अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात झाली. क्लॅरेन्स साँडर्स नावाच्या गृहस्थाने 'पिगली विगली' असं विचित्र नाव असलेलं दुकान उघडलं. तोपर्यंत वाण्याकडे यादी द्यायची आणि नोकराने आतून माल काढून द्यायचा, अशी पद्धत होती. साँडर्सने गिऱ्हाइकाच्याच हातात टोपली दिली. आत शिरायला फिरतं फाटक, सगळ्या फळ्यांसमोरून जाणारी एकच वाट, आणि शेवटी पैसे. या रचनेचं त्याने १९१७ मध्ये पेटंटही मिळवलं. आज आपण ज्याला सुपरमार्केट म्हणतो त्याची ही पणजी. ही कल्पना हुशारीची आहे, त्याबद्दल वाद नाही. पण तिने विकणाऱ्याचं काम बदललं. माल दाखवणं संपलं, फळ्या भरणं, फिरणं आणि लक्ष ठेवणं उरलं.

आपल्याकडे २००१ मध्ये 'बिग बझार' आलं. किशोर बियाणींनी त्यात मुद्दाम बाजारासारखी गर्दी आणि पसारा ठेवला होता, कारण चकाचक मोकळं दुकान बघून आपला मध्यमवर्ग बिचकतो हे त्यांनी ओळखलं होतं. ते २०२२ मध्ये बंद पडलं. त्या डिझाईनमध्ये गिऱ्हाइकाचा स्वभाव किती बारकाईने वाचला होता! फळ्या भरणाऱ्या पोरांच्या पायांकडे तेवढ्या बारकाईने कुणी बघितलं असेल असं वाटत नाही.

आता तर काउंटरही चाललाय. अॅपलच्या दुकानांत पहिल्यासारखा गल्ला नसतो, कर्मचारी हातातल्या यंत्रावर बिल करतात. मुंबईत बीकेसीला त्यांचं दुकान एप्रिल २०२३ मध्ये उघडलं. दिसायला सुंदरच. पण त्याची नक्कल आता चष्म्याच्या दुकानापासून बुटांच्या दुकानापर्यंत सगळे करायला लागलेत. काउंटर गेला की त्याच्यामागे लपवलेलं स्टूलही जातं, ही गोष्ट नक्कल करणाऱ्यांच्या लक्षात येत नाही, किंवा येते आणि सोयीची वाटते.

तुम्ही म्हणाल, उभं राहिलं तर बिघडलं काय? आपण प्रॅक्टिकलला उभे राहतोच की! दोन तास आणि दहा तास यात फरक आहे, राजा. पाठ दुखते, पाय सुजतात, शिरा फुगतात, हे तर कुठल्याही दुकानातल्या बाईला विचारा. कॅनडातल्या ऑन्टारिओमध्ये सुमारे ७,३०० कामगारांची १२ वर्षांची माहिती तपासली गेली, तो अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. मुख्यतः उभ्याने काम करणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका बसून काम करणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट निघाला. हे वाचल्यावर मला ताईंच्या चपलेतला रुमाल आठवला.

गंमत म्हणजे हा प्रश्न नवा नाहीच. ब्रिटनमध्ये १८९९ मध्येच कायदा झाला की दुकानात दर तीन स्त्री-कर्मचाऱ्यांमागे निदान एक बैठक हवी. आपल्या १९४८ च्या फॅक्टरीज अॅक्टमध्ये ४४ वं कलम उभ्याने काम करणाऱ्यांच्या बसण्याच्या सोयीबद्दल होतं. इंडस्ट्रियल सेफ्टीच्या पेपरला आपण ते पाठ करतो आणि विसरतो. पण ते कारखान्यासाठी. दुकानासाठी भांडल्या त्या केरळच्या बायका. कोळिकोडच्या बाजारात काम करणाऱ्या बायकांना आधी संडासाला जायचीसुद्धा सोय नव्हती. तिथल्याच, शिवणकाम करणाऱ्या विजी यांनी 'पेनकूट्टू' नावाची संघटना उभी केली. संडासापासून सुरू झालेलं भांडण बसण्याच्या हक्कापर्यंत गेलं आणि २०१८ मध्ये केरळने कायदा बदलला. त्याच वर्षी बीबीसीने जगातल्या शंभर स्त्रियांच्या यादीत विजींचं नाव घेतलं. २०२१ मध्ये तामिळनाडूनेही तशीच दुरुस्ती केली. आणि आता २०२० च्या कामगार-सुरक्षा संहितेत उभ्याने काम करणाऱ्यांच्या बसण्याची सोय घातलेली आहे. दहा किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना ती लागू आहे आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलातही आली. म्हणजे कागदावर आमच्या ताईंना आता खुर्ची आहे.

कागदावरची खुर्ची फ्लोअरवर कशी येणार, हा खरा प्रश्न. मॅनेजर एकटेच वाईट असतात असं मी म्हणणार नाही. आमच्या मॅनेजर स्वतःही उभ्याच असायच्या. एकदा ताई पाच मिनिटं स्टेपस्टूलवर टेकल्या होत्या, तर एक काकू आल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "इथे कुणी काम करतं की सगळे आरामच करतात?" बसलेला माणूस म्हणजे कामचुकार, हे आपल्याच डोक्यात पक्कं बसलंय. आता याउलट बघा. जर्मन 'आल्डी' कंपनीच्या सुपरमार्केटमध्ये बिल करणारे बसूनच काम करतात, अगदी अमेरिकेतल्या शाखांतही. आणि ती दुकानं ओळखली जातात कशासाठी, तर स्वस्त मालासाठी आणि झटपट बिलासाठी! बसल्याने हात मंदावतात असं निदान तिथे तरी दिसत नाही.

आता आपल्या हॉस्टेलकडे येते. रात्री साडेबाराला मॅगी मागवायची आणि गेटवर जाऊन घ्यायची, हा आपला रोजचा कार्यक्रम. ते सामान ज्या दुकानातून येतं त्याला 'डार्क स्टोअर' म्हणतात. तिथे गिऱ्हाईक येतच नाही. म्हणून सुगंध नाही, गाणं नाही, सोफाही नाही. फळ्यांची मांडणी अशी की माल उचलणाऱ्याची पावलं कमी पडावीत. इंजिनीअर म्हणून मला ही रचना आवडते, खोटं का बोला. पण वाचलेली पावलं त्याला विश्रांती म्हणून मिळत नाहीत, पुढच्या ऑर्डरला जातात. आणि डिलिव्हरीवाली मुलं बाहेर फुटपाथला गाडी लावून गाडीवरच बसतात. दुकानाच्या नकाशात त्यांच्यासाठी एक चौरस फूटही काढलेला नसतो, कारण ती दुकानाची माणसंच धरलेली नाहीत. चेन्नई महापालिकेने २०२५ मध्ये अशा मुलांसाठी वातानुकूलित विश्रांतीच्या खोल्या सुरू केल्या. ते महापालिकेला सुचलं, दुकान आखणाऱ्यांना नाही. आपल्या गेटवरच्या वॉचमनकाकांना मात्र सुचलं होतं. त्यांनी पावसाळ्यात स्वतःच्या केबिनबाहेरचा बाक शेडखाली सरकवून ठेवला होता.

असो. फार भाषण झालं. मी कॉन्व्हेंटची मुलगी, एवढं मराठी सलग पहिल्यांदाच लिहितेय, ऱ्हस्व-दीर्घ संपादकांनी सांभाळून घेतलं असेल.

सुट्टीनंतर मी आणि माझ्या रूममेटने एक उद्योग केला. आपल्या स्टेशनरीच्या दुकानातले काका सकाळी नऊपासून उभे असतात. आत जागा इतकी कमी की खुर्ची ठेवली तर त्यांना वळताच येत नाही. म्हणून आम्ही काउंटरच्या आतल्या बाजूला बिजागरीवर पडणारी फळी बसवली. हवी तेव्हा उघडायची, नको तेव्हा पाडून ठेवायची, रेल्वेतल्या टीसीच्या सीटसारखी. खाली पाय टेकायला अँगलचा एक तुकडा. उंची अशी धरली की काका बसले तरी त्यांची नजर समोरच्या मुलाच्या नजरेला भिडेल. (मंडईचे आभार.) प्लाय वर्कशॉपच्या भंगारातलं, बाकी खर्च सहाशे चाळीस रुपये. पहिले दोन दिवस काकांनी त्यावर झेरॉक्सचे कागद ठेवले. तिसऱ्या दिवशी पाहिलं तर स्वतः बसले होते, आणि एचओडी सर येताना दिसल्याबरोबर ताडकन उठले. सर म्हणाले, "अहो बसा बसा, मला फक्त रिफिल हवंय." तरी काही बसले नाहीत.

बिजागरी हलकी लागलीय, वजनाने वाकतेय. प्रॉडक्शनच्या कुणाकडे जाड पत्र्याची, चार इंची असेल तर लेडीज हॉस्टेलच्या ऑफिसात ठेवून जा.