खाऊन संपणार नाहीत, तरी खावेत

‘परका मासा आला ना? खाऊन टाका!’ ही घोषणा ऐकायला झकास आहे. लायनफिशच्या बाबतीत अमेरिकेत सरकारी पातळीवरच २०१० मध्ये तिचा प्रचार झाला. हिंद-प्रशांत महासागरांतला हा मासा, बहुधा शौकिनांनी काचपेटीतून सोडलेला, १९८५ मध्ये फ्लोरिडाजवळ दिसला आणि पुढे कॅरिबियनभर पसरला. विष काट्यांत, मांसात नाही. काटे छाटले की मासा चविष्ट. पण एक मादी वर्षाला वीस लाखांच्या घरात अंडी घालते. गळाला तो क्वचितच लागतो, पाणबुड्याने भाल्याने एकेक टिपावा लागतो; आणि हौशी पाणबुडे चाळीसेक मीटरवर थांबतात, तिथून खाली मासा खुशाल नांदतो. हॉटेलांच्या ताटांतून समुद्र साफ होईल म्हणणाऱ्यांनी हा हिशेब मांडून पाहावा.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. पैसा मिळू लागला की उपद्रवी प्राण्यालाही पालक लाभतात, असे विरोधक म्हणतात आणि नॉर्वेकडे बोट दाखवतात. सोव्हिएत शास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकात लाल किंग क्रॅब मुर्मान्स्कजवळ मुद्दाम सोडले. ते नॉर्वेत शिरले, कोळ्यांच्या जाळ्यांत गुंतू लागले, समुद्रतळावरचे जीव फस्त करू लागले. २००२ पासून त्यांची व्यापारी मासेमारी सुरू झाली. आज पूर्वेकडच्या कोळ्यांना हा खेकडा हवा आहे. तिथे कोटा ठरतो, म्हणजे साठा राखला जातो.

आक्षेप खराच. फक्त अर्धा सांगितलेला. २६ अंश पूर्व रेखावृत्ताच्या पश्चिमेला नॉर्वे कोटा ठेवतच नाही. तिथे हवे तितके खेकडे धरा. खेकडा ती रेषा पाळत नाही, हे उघड आहे. तरीही एकाच प्राण्याला इकडे मिळकत आणि तिकडे घुसखोर मानण्याचा हा व्यवहारीपणा मला शुद्ध समुद्राच्या गप्पांपेक्षा मोलाचा वाटतो.

शिवाय बाजार नको म्हणणाऱ्यांनी कोळ्याने काय करावे तेही सांगावे. ट्युनिशियात गाबेसच्या आखातात २०१४ च्या सुमारास निळे खेकडे आले. मूळ आपल्या अरबी समुद्राकडचे, भूमध्य समुद्रात पोहोचले ते सुएझ कालव्यातून. जाळी इतकी फाडली की कोळ्यांनी त्यांना ‘दाएश’ (म्हणजे ‘आयसिस’ ही दहशतवादी संघटना) म्हणायला सुरुवात केली. पुढे प्रक्रिया कारखाने निघाले, निर्यात सुरू झाली, आणि फाटक्या जाळ्यांचा खर्च निघण्याची सोय झाली.

मुद्दा समूळ उच्चाटनाचा नाहीच. बहामातल्या एल्युथेरा बेटाजवळ काही खडकांवर लायनफिश न संपवता फक्त ठरावीक संख्येखाली ठेवले, तेव्हा त्यांचे भक्ष्य असलेल्या स्थानिक माशांचे एकूण वजन ५० ते ७० टक्क्यांनी वाढले. हे काम मात्र कायमचे आहे. अनुदान दोन-चार वर्षांत आटते. गिऱ्हाईक असेल तर पाणबुडा पुढच्या हंगामातही उतरेल. म्हणून माशाला भाव मिळू द्यावा, पण परवान्यावर अटी घालून: त्याची पैदास करायची नाही, जिवंत वाहतूक करायची नाही, आणि प्रसाराच्या आघाडीवर कोटा कधीच ठरवायचा नाही.