एका वेळी एकच मंत्र

मंडळी, गेल्या अंकात तुम्हाला आमच्या परसातल्या टोमॅटोंचं पुराण ऐकवलं. या वेळी बेसमेंटमध्ये उतरू या. तिथे दर शनिवारी लेकीच्या मित्रमैत्रिणींचा अड्डा जमायचा. पिझ्झा, आपला चिवडा आणि फासे! खेळ डंजन्स अँड ड्रॅगन्सचा. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी तो १९७४ साली इथे अमेरिकेतच काढला. एकाने गोष्ट रचायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं आणि घोडं अडलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा.

मे महिन्यात एक गडी कमी पडला. "बाबा, तू मांत्रिक हो," असा हुकूम सुटला. झालो! आणि पहिल्याच दिवशी 'कॉन्सन्ट्रेशन'च्या नियमाशी गाठ पडली.

नियम असा. काही मंत्र टाकले की काम झालं. काही मात्र लक्ष देऊन धरून ठेवावे लागतात, आणि असा मंत्र एका वेळी एकच. दुसरा सुरू केलात की पहिला आपोआप सुटतो. चालणं, लढणं, एखादा साधा मंत्र टाकणं याने एकाग्रता मोडत नाही. मोडते ती मार बसल्यावर. शुद्ध हरपली तर सगळंच संपलं. नाहीतर फासा टाकायचा आणि त्यात अंगच्या काटकपणाचे गुण मिळवायचे. बेरीज निदान १० हवी. किंवा बसलेल्या माराच्या निम्मी; दोन्हींत मोठा असेल तो आकडा. दोन बाण लागले तर दोनदा फासा. गंमत म्हणजे इथे मांत्रिकाची बुद्धी कामाला येत नाही, शरीर किती सोसतं ते बघतात! जुन्या आवृत्तीत मंत्र म्हणता म्हणता फटका बसला की तो वायाच जायचा. 'एका वेळी एकच' हा नेम २०१४च्या पाचव्या आवृत्तीने घालून दिला आणि २०२४च्या सुधारित पुस्तकातही तो कायम आहे.

तर त्या दिवशी माझ्या 'फ्लाय' मंत्राच्या जोरावर लेकीचं पात्र दरीवरून उडत होतं. समोर एक राक्षस, हातात हा एवढा धोंडा. मी घाईघाईने त्याची गती मंदावणारा 'स्लो' मंत्र काढला. लेक ओरडली, "बाबा, थांब! तो टाकलास तर मी पडेन!" तोही धरून ठेवण्याचाच मंत्र होता. मुकाट्याने साधा अग्निबाण सोडला.

राक्षसाने धोंडा मलाच हाणला. मार २४, म्हणजे बेरीज १२ हवी. काटकपणाचा गुण माझ्याकडे एकच. फाशावर ११ किंवा वर पडलं तरच निभावणार, म्हणजे निम्मी आशा. दोन्ही तळहातांत फासा खुळखुळवला, मनात गणपतीचं नाव घेतलं आणि टाकला.

नऊ.

चाळीस फूट खाली. प्रत्येक दहा फुटांना एक सहा बाजूंचा फासा, असे चार फासे पडले. मला बघवेना. लेकीने शांतपणे बेरीज केली, कागदावर आकडा खोडला आणि म्हणाली, "आपटले, पण आहे जिवंत. आता तू तुझं बघ, तुझे तीनच पॉइंट उरलेत."

ऑगस्टमध्ये ती कॉलेजला गेली. जाताना फाशांची पुरचुंडी विसरली, की मुद्दाम ठेवली, कोण जाणे. परवा फोनवर मी जेवणखाण, थंडी, अभ्यास, सगळं एका दमात विचारायला लागलो तर हसून म्हणाली, "बाबा, एका वेळी एकच!"

असो. थंडीच्या सुट्टीत मांत्रिकाला पुन्हा बोलावणं आहे. तोवर राम राम!